दृष्टीचे कोडे उलगडणारे इब्नुल हैसम

वाचकहो, भुईगावच्या किनाऱ्यावर मगरिबच्या थोडे आधी उभे राहिले की समोर अरबी समुद्र पसरलेला असतो आणि त्याच बाजूला, पश्चिमेच्या किंचित उत्तरेकडे, आपला किब्ला. सूर्य पाण्याला टेकू लागतो तेव्हा तो माथ्यावरच्या सूर्यापेक्षा कितीतरी मोठा भासतो, तांबूस होतो, खालच्या बाजूने दबल्यासारखा दिसतो. हे दृश्य आपण असंख्य वेळा पाहिले असेल. परंतु पाहिले म्हणजे नेमके काय घडले? आपली दृष्टी सूर्यापर्यंत जाऊन पोहोचली, की सूर्याकडून काही निघून आपल्या डोळ्यांत आले? आज शाळेतील मूलही याचे उत्तर देईल. तथापि या एका प्रश्नावर ग्रीकांच्या काळापासून सुमारे पंधराशे वर्षे मोठमोठ्या विद्वानांचे एकमत होऊ शकले नव्हते. ज्यांनी हा गुंता सोडवला त्या महापुरुषाचे जीवन आज आपल्यासमोर मांडावयाचे आहे.

त्यांचे पूर्ण नाव अबू अली अल-हसन इब्न अल-हसन इब्न अल-हैसम. हिजरी सन ३५४ च्या सुमारास, म्हणजे इसवी सन ९६५ च्या आसपास, बसरा नगरीत त्यांचा जन्म झाला. बसरा हे नाव कोकणच्या माणसाला परके नव्हते. प्रसिद्ध प्रवासी अल-मसऊदी हिजरी ३०४ मध्ये आपल्या चौल बंदरात येऊन गेले, तेव्हा त्यांना तेथे सिराफ, ओमान, बगदाद आणि बसरा येथून येऊन स्थायिक झालेले मुसलमान आढळले. भुईगावपासून फार दूर नसलेले सोपारा तर अरब भूगोलकारांच्या ग्रंथांत ‘सुबारा’ या नावाने येते. इब्नुल हैसम बाल्यावस्थेत होते त्या काळी या दोन किनाऱ्यांमध्ये गलबतांची ये-जा सुरू होती, हे ध्यानात ठेवले म्हणजे त्यांची कथा आपल्याला तितकीशी दूरदेशीची वाटणार नाही.

त्यांच्या तरुणपणाविषयी फारशी खात्रीलायक माहिती मिळत नाही. तेराव्या शतकातील चरित्रकार इब्न अबी उसैबिया यांनी त्यांच्या नावावर एक आत्मकथन जतन केले आहे. त्यानुसार त्यांनी लहानपणापासून निरनिराळ्या पंथांची मते तपासली, प्रत्येक गट आपलेच खरे म्हणतो हे पाहून ते अस्वस्थ झाले, आणि सत्य एकच आहे, भेद आहे तो त्याच्याकडे जाण्याच्या वाटांत, या निष्कर्षाला आले. सत्याचा शोध घेण्यापेक्षा अल्लाहच्या जवळ नेणारा दुसरा चांगला मार्ग नाही, अशी त्यांची धारणा झाल्याचेही त्यात नमूद आहे. हे आत्मकथन बगदादच्या त्याच आडनावाच्या दुसऱ्या एका विद्वानाचे असावे, असे काही अलीकडच्या संशोधकांचे मत आहे, हे येथे सांगितले पाहिजे. कारण ज्या माणसाने आयुष्यभर पुराव्याशिवाय काही मानले नाही, त्याचे चरित्र सांगताना आपण तेवढे तरी पथ्य पाळावे.

आता त्यांच्यासमोर जो वाद होता तो थोडा समजून घेऊ. एक पक्ष युक्लिड आणि टॉलेमी या गणितज्ञांचा. त्यांच्या मते डोळ्यातून किरण निघतात, शंकूच्या आकारात पसरतात आणि वस्तूला जाऊन स्पर्श करतात. आंधळ्याची काठी जशी पुढची जमीन चाचपते तशी दृष्टी वस्तूला चाचपते. अरब तत्त्ववेत्ते अल-किंदी यांनीही नवव्या शतकात याच पक्षाची बाजू घेतली. दुसरा पक्ष अणुवाद्यांचा. वस्तूच्या अंगावरून तिच्या पातळ प्रतिमा सालीसारख्या सतत सुटत असतात आणि त्या डोळ्यात शिरतात, असे ते म्हणत. ॲरिस्टॉटलने तिसरेच सांगितले : मधली पारदर्शक हवा वस्तूच्या रंगाने पालटते आणि तो पालट डोळ्यापर्यंत येतो. हकीम गॅलन यांनी मेंदूतून डोळ्यात उतरणारे एक सूक्ष्म चैतन्य कल्पिले. आपल्या देशातही न्यायदर्शनाचे पंडित डोळ्यातील तेज बाहेर जाऊन वस्तूला भिडते असे मानत आणि पुरावा म्हणून रात्री हिंडणाऱ्या प्राण्यांच्या चमकणाऱ्या डोळ्यांकडे बोट दाखवत. बौद्ध तर्कपंडित त्यांचे खंडन करीत.

यात मौज अशी, की गणितज्ञांचा सिद्धांत चुकीचा होता पण त्यांची भूमिती उत्तम चालत होती, आणि अणुवाद्यांची दिशा बरोबर होती पण त्यांना काही मोजता येत नव्हते. एवढा मोठा डोंगर आपली साल पाठवून बारीकशा बुबुळात कसा मावतो, याचे उत्तर त्यांच्यापाशी नव्हते. प्रत्येक पक्ष दुसऱ्याच्या चुका अचूक दाखवीत असे. स्वतःच्या चुका पाहणारे मात्र कोणी नव्हते.

आता कथेचे वळण इराकहून मिसरकडे जाते. तेथे फातिमी खलीफा अल-हाकिम यांचे राज्य होते (हिजरी ३८६ ते ४११). हा राज्यकर्ता विद्येचा चाहता होता. हिजरी ३९५ मध्ये त्याने काहिरात ‘दारुल इल्म’ नावाचे विद्यागृह व ग्रंथालय उघडले. परंतु त्याच्या लहरींना अंत नव्हता आणि त्याच्या शिक्षांना धरबंध नव्हता. कित्येक उच्च अधिकारी त्याच्या आज्ञेने मारले गेले. इब्नुल हैसम एकदा बोलून गेले होते, की आपण मिसरमध्ये असतो तर नाईल नदीच्या पाण्याचे असे काही नियोजन केले असते की पूर असो वा ओहोटी, लोकांना त्याचा लाभच झाला असता. चरित्रकार अल-किफ्ती सांगतात, की ही वार्ता खलीफाच्या कानी गेली. त्याने त्यांना आदराने बोलावून घेतले आणि स्वागतासाठी स्वतः काहिराच्या वेशीबाहेर खंदक नावाच्या गावापर्यंत आला.

त्यानंतर कारागीर आणि मजुरांचा ताफा घेऊन इब्नुल हैसम नाईलच्या काठाने दक्षिणेकडे निघाले. वाटेत त्यांना प्राचीन मिसरवासीयांनी उभारलेल्या प्रचंड वास्तू दिसू लागल्या : त्यांची मापे, त्यांची भूमिती, त्यांतील कौशल्य. ते जसजसे पाहत गेले तसतसा त्यांचा उत्साह ओसरत गेला. ज्यांना एवढे बांधता आले त्यांना नदी अडवणे शक्य असते तर त्यांनी ते केव्हाच केले असते, असा विचार त्यांच्या मनात आला. अस्वानच्या दक्षिणेला अल-जनादिल नावाच्या ठिकाणी नदी उंच खडकांतून खाली उतरते. तेथे पोहोचून त्यांनी दोन्ही काठ बारकाईने पाहिले आणि आपली योजना साध्य होणारी नाही, हे स्वतःशी मान्य केले.

वाचकहो, येथे क्षणभर थांबावे असे वाटते. ज्या राजाने वेशीपर्यंत येऊन स्वागत केले आणि ज्याचा राग जिवावर बेतू शकतो, त्याच्यासमोर परत जाऊन, मी म्हटले ते मला जमणार नाही, असे सांगायचे होते. त्या ठिकाणी काही वर्षे खोटेच खोदकाम चालवून खजिन्यातील पैसा उडवणारे पुष्कळ निघाले असते. इब्नुल हैसम परतले आणि त्यांनी खलीफाजवळ आपली असमर्थता कबूल केली. (त्याच परिसरात विसाव्या शतकात पोलाद, काँक्रीट आणि यंत्रांच्या बळावर अस्वानचे उंच धरण उभे राहिले, ते १९७० मध्ये पूर्ण झाले. म्हणजे कल्पना वेडगळ नव्हती. तिला लागणारी साधने हजार वर्षे पुढे होती.)

खलीफाने वरकरणी त्यांची क्षमा स्वीकारली आणि एका सरकारी खात्यात नेमणूक दिली. ती त्यांनी घेतली, आवडीने नव्हे, भीतीने. पुढे या माणसाच्या लहरीपासून जीव वाचवण्याचा त्यांना एकच उपाय सुचला : त्यांनी वेड लागल्याचे सोंग घेतले. ज्याची बुद्धी ठिकाणावर नाही त्याच्यावर शरीअतने जबाबदारी ठेवलेली नाही, हे तर आपण जाणताच. त्यांची मालमत्ता ताब्यात घेण्यात आली, देखभालीस माणसे नेमली गेली आणि त्यांना त्यांच्याच घरात बंद करून ठेवण्यात आले. हिजरी ४११ मध्ये, म्हणजे १०२१ साली, अल-हाकिम एका रात्री बाहेर पडला तो परतलाच नाही. त्याच्या मृत्यूची खात्री पटल्यावर इब्नुल हैसम पुन्हा शहाणे झाले.

बंदिवासातील अंधाऱ्या खोलीत भिंतीच्या छिद्रातून आलेला प्रकाश पाहून त्यांना आपला सिद्धांत सुचला, अशी एक सुरस गोष्ट मुलांच्या पुस्तकांत आणि चित्रफितींत सांगितली जाते. जुन्या चरित्रकारांपैकी कोणीही ती दिलेली नाही. गोष्ट गोड आहे, पण मुलांना सांगायची झाल्यास गोष्ट म्हणूनच सांगावी.

सुटकेनंतर त्यांनी जामे अल-अझहरजवळ आपले बिऱ्हाड थाटले. राजाश्रयाचा अनुभव पुरेसा झाला होता. उपजीविकेसाठी त्यांनी नकलनविसी पत्करली. दरवर्षी युक्लिडचा भूमितीग्रंथ, टॉलेमीचा ‘अल-मजिस्ती’ आणि त्यांच्या दरम्यान शिकवले जाणारे काही ग्रंथ ते सुंदर हस्ताक्षरात उतरवून काढीत आणि त्याचे दीडशे मिसरी दीनार त्यांना मिळत. भाव ठरलेला असे, त्यात घासाघीस नसे, आणि तेवढ्यात त्यांचे वर्ष निघे. त्यांनी हिजरी ४१५ मध्ये स्वहस्ते उतरवलेली अपोलोनियसच्या शंकुच्छेद ग्रंथाची प्रत आजही इस्तंबूलमध्ये जतन केलेली आहे. हलालच्या कमाईचा असा पुरावा हजार वर्षांनंतर क्वचितच कोणाचा उरतो. उरलेला वेळ त्यांचा स्वतःचा होता. नव्वदहून अधिक ग्रंथ व प्रबंध त्यांच्या नावावर सांगितले जातात, त्यांपैकी साठच्या आसपास आज उपलब्ध आहेत.

या सर्वांचा मुकुटमणी म्हणजे सात भागांचा ‘किताबुल मनाजिर’. त्याची मांडणी पाहण्यासारखी आहे. ते आधी कोणत्याही पक्षाचा पुरस्कार करीत नाहीत, साध्या अनुभवापासून आरंभ करतात. प्रखर सूर्याकडे पाहिले की डोळा दुखतो. उजेडातील पांढऱ्या वस्तूकडे बराच वेळ टक लावून मग अंधारात नजर वळवली तरी तिचा ठसा काही काळ डोळ्यांपुढे राहतो. याचा अर्थ प्रकाश डोळ्यावर काहीतरी करतो, बाहेरून येऊन करतो. मग ते किरणवाद्यांना एक सरळ प्रश्न विचारतात. डोळ्यातून काही निघते असे क्षणभर मानले, तरी ते वस्तूकडून काही घेऊन परत येते की नाही? परत येत नसेल तर डोळ्याला काही कळणार नाही. येत असेल तर पाहणे त्या येण्यानेच घडते, आणि बाहेर जाण्याची गरजच उरत नाही. पंधराशे वर्षांचा वाद या एका प्रश्नाने मोडकळीस आला.

पण केवळ खंडन करून ते थांबले नाहीत. प्रकाशित वस्तूच्या प्रत्येक बिंदूपासून सर्व दिशांना सरळ रेषांत प्रकाश निघतो, असे त्यांनी मांडले आणि गणितज्ञांची सारी भूमिती उलट दिशेने वापरली. शंकू तोच, फक्त किरणांची दिशा पालटली. येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो. प्रत्येक बिंदूपासून सर्वत्र प्रकाश येत असेल तर डोळ्यात सगळी सरमिसळ व्हायला हवी. यावर त्यांनी केलेला दिव्यांचा प्रयोग आपल्या घरीही करून पाहता येईल. एका छिद्रासमोर वेगवेगळ्या जागी काही दिवे ठेवा. छिद्राच्या पलीकडे अंधारी खोली आणि भिंत असू द्या. भिंतीवर जितके दिवे तितके उजेडाचे ठिपके दिसतील. एक दिवा झाका; नेमका त्याचाच ठिपका नाहीसा होईल, बाकीचे जसेच्या तसे राहतील. दिवा उघडा, ठिपका परत येईल. सारे प्रकाश एकाच छिद्रातून गेले तरी एकमेकांत मिसळले नाहीत. मुलांबरोबर दोन-तीन मेणबत्त्या व एक पुठ्ठा घेऊन हा प्रयोग एखाद्या रात्री करावा. मेणबत्त्यांपाशी मात्र मोठ्यांनी बसावे.

अशा तपासणीला त्यांनी जो शब्द वापरला तो विलक्षण आहे : ‘इअ्तिबार’. एखादी गोष्ट परिस्थिती बदलून पुन्हा पुन्हा पारखून पाहणे, असा त्यांच्या लेखनात त्याचा अर्थ होतो. याच धातूचा शब्द पवित्र कुरआनात सूरह हश्रच्या दुसऱ्या आयतीत आला आहे, जेथे डोळस लोकांना बोध घेण्यास सांगितले आहे. इब्नुल हैसम यांनी तो तेथूनच उचलला असे आम्ही म्हणणार नाही. पण अरबी जाणणाऱ्या वाचकाला ते साम्य जाणवल्यावाचून राहत नाही.

प्रारंभीच्या सूर्याकडे आता पुन्हा वळू. क्षितिजावर सूर्य-चंद्र मोठे का दिसतात, याचा ऊहापोह त्यांनी सातव्या भागात केला. प्रत्यक्षात ते डोळ्यात मोठे होतच नाहीत. मधल्या जमिनीवरील वस्तूंमुळे आपले मन त्यांना अधिक दूर समजते आणि म्हणून मोठे ठरवते, असे त्यांचे म्हणणे. यावर मानसशास्त्रज्ञांची चर्चा आजही मिटलेली नाही, पण दोष डोळ्याचा नसून मनाच्या निवाड्याचा आहे, हे त्यांनी ओळखले. हवेच्या थरांतून येताना आकाशस्थ गोलांचे किरण वाकतात, याचाही त्यांनी विचार केला. या वाकण्यामुळेच मावळतीचा सूर्य पाण्याला टेकलेला दिसतो तेव्हा खरे पाहता तो क्षितिजाखाली गेलेला असतो. आपल्या मशिदीतील वेळापत्रकात मगरिबची जी वेळ छापलेली असते, तिच्या गणितात हे वक्रीभवन धरलेले असते.

किब्ल्याची दिशा गणिताने कशी काढावी, यावर त्यांचा स्वतंत्र प्रबंध आहे. ग्रहणाच्या आकारावरही आहे. ग्रहणकाळी बारीक छिद्रातून पडणारी सूर्याची प्रतिमा कोरीसारखी का दिसते आणि छिद्र मोठे केले की गोल का होते, हे त्यांनी त्यात भूमितीने समजावले. ग्रहण पाहून आपल्या प्रिय प्रेषितांनी (सल्ल.) नमाज अदा केली आणि कोणाच्या जन्ममृत्यूशी त्याचा संबंध जोडू नये, असे शिकवले, तेही पुत्र इब्राहीम यांच्या निधनाच्या दिवशी, हे आपणास ठाऊक आहे. त्या शिकवणीत वाढलेल्या समाजातील विद्वानाने ग्रहणाला भय न मानता अभ्यासाचा विषय करावा, यात नवल नाही.

त्यांच्या हातून सर्वच बरोबर झाले असे मात्र नाही. दृष्टीची संवेदना डोळ्यातील भिंगाच्या पृष्ठभागावर होते, असे ते समजत. प्रतिमा मागच्या पडद्यावर उलटी पडते हे १६०४ मध्ये केप्लरने दाखवले, आणि केप्लर त्यांच्याच ग्रंथाच्या परंपरेत वाढलेला होता. इब्नुल हैसम यांना याचे दुःख झाले नसते. टॉलेमीच्या ज्योतिषातील विसंगती दाखवणाऱ्या ‘शुकूक’ या ग्रंथात त्यांनी लिहिले आहे, की पूर्वसुरींवर विश्वास ठेवून बसणारा सत्याचा शोधक नव्हे; वाचकाने ग्रंथावर सर्व बाजूंनी हल्ला चढवावा, आणि हे करताना स्वतःविषयीही संशय बाळगावा. मानवी विद्वान चुकू शकतो, अल्लाहने त्याला चुकीपासून मुक्त ठेवलेले नाही, ही त्यामागची भूमिका.

आणि येथेच आपल्याशी संबंधित गोष्ट येते. आपल्या सभांतून, मुलांच्या स्पर्धांतून इब्नुल हैसम यांचे नाव अभिमानाने घेतले जाते. इराकच्या दहा हजार दीनारांच्या नोटेवर २००३ मध्ये त्यांचे चित्र छापले गेले, चंद्रावरील एका विवराला त्यांचे नाव आहे, २०१५ हे आंतरराष्ट्रीय प्रकाशवर्ष साजरे झाले तेव्हा त्यांच्या ग्रंथाची हजार वर्षेही साजरी झाली, हे सारे सांगितले जाते. सांगावेच. पण आमच्या पूर्वजांनी सर्व काही आधीच शोधले होते, असे म्हणून जेव्हा आपण पुस्तक मिटतो, तेव्हा आपण त्यांना तीच जागा देतो जी त्यांनी टॉलेमीला द्यायला नकार दिला होता.

ग्रंथाचे पुढे काय झाले ते ऐका. हिजरी ४३० च्या सुमारास, म्हणजे १०४० च्या आसपास, काहिरात त्यांचे निधन झाले. ‘किताबुल मनाजिर’ १२०० च्या सुमारास लॅटिनमध्ये गेला. रॉजर बेकन, विटेलो यांच्यासारख्यांनी तो अभ्यासला. १५७२ मध्ये बासेल नगरात तो छापला गेला. परंतु ज्या भाषेत तो लिहिला गेला त्या भाषेच्या जगात जवळजवळ अडीचशे वर्षे त्याला खरा वाचक मिळाला नाही. त्याच्या प्रती होत्या, कपाटात होत्या.

अखेर तेराव्या शतकाच्या शेवटी इराणातील कमालुद्दीन अल-फारिसी या तरुणाला प्रकाशकिरण का वळतात याविषयी शंका पडली. उपलब्ध पुस्तकांनी समाधान होईना. त्याचे गुरू कुतबुद्दीन शिराझी यांना आठवले, की आपण लहानपणी फारसच्या एका ग्रंथालयात इब्नुल हैसम यांचे प्रकाशावरील दोन मोठे खंड पाहिले होते. शोध घेऊन दूरदेशाहून तो ग्रंथ मागवण्यात आला आणि शिष्याच्या हाती ठेवण्यात आला. कमालुद्दीन यांनी त्यावर विस्तृत भाष्य लिहिले, आणि जेथे पटले नाही तेथे गुरूच्याही गुरूला दुरुस्त केले. इंद्रधनुष्याचे कारण इब्नुल हैसम यांना नीट सापडले नव्हते. कमालुद्दीन यांनी पाण्याने भरलेला काचेचा गोल घेतला, त्याला पावसाचा एक थेंब मानले, आणि अंधाऱ्या खोलीत त्यावर सूर्याचा झोत सोडला. किरण आत शिरताना वळतो, आत परावर्तित होतो आणि बाहेर पडताना पुन्हा वळतो, हे त्यांनी पाहिले. जवळजवळ त्याच वर्षांत जर्मनीतील थिओडोरिक नावाचा एक धर्मोपदेशकही पाण्याने भरलेला काचेचा गोल घेऊन त्याच निष्कर्षाला पोहोचत होता. दोघांना एकमेकांचे नावही ठाऊक नव्हते. दोघांपर्यंत एकच ग्रंथ पोहोचला होता, एकाकडे अरबीत, दुसऱ्याकडे लॅटिनमध्ये.